दहा गोळ्यांचा डबा : कॅलिफोर्नियातील मॅगझिन-मर्यादेचे प्रकरण

२९ मार्च २०१९, शुक्रवार. सॅन डिएगोच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी निकाल दिला आणि १९ वर्षे कॅलिफोर्नियात विकायला बंदी असलेली एक वस्तू त्याच दिवशी विकता येऊ लागली. वस्तू म्हणजे मॅगझिन : बंदुकीला काडतुसे पुरवणारा, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा एक लांबट डबा. त्यात १० पेक्षा जास्त काडतुसे मावतात, इतकाच त्याचा गुन्हा. शेजारच्या राज्यांतल्या विक्रेत्यांनी शनिवार-रविवार न बघता ऑर्डरी भरल्या. पुढच्या शुक्रवारी, ५ एप्रिलला, संध्याकाळी ५ वाजता त्याच न्यायाधीशांच्या स्थगिती आदेशाने विक्री पुन्हा बंद झाली. बंदूकवाल्यांनी या आठवड्याला ‘फ्रीडम वीक’ असे नाव दिले. एवढ्या काळात किती डबे राज्यात उतरले? अंदाज दहा लाखांच्या वरचे आहेत, पण ते अंदाजच. मॅगझिनवर क्रमांक नसतो, त्यामुळे मोजणार कोण आणि कसे?

आधी डंकन विरुद्ध बेसेरा आणि राज्याचे महाधिवक्ता बदलल्यावर डंकन विरुद्ध बोंटा या नावाने चाललेला हा खटला २०१७ पासून आठ वर्षे वरखाली होत राहिला. वाद एका आकड्याचा वाटतो. मुळात तो थांबण्याचा आहे : डबा रिकामा होऊन दुसरा बसेपर्यंत जे काही सेकंद जातात, ते कुणाच्या वाट्याला यावेत?

डबा कसा असतो

मॅगझिनचे भाग पाच : बाहेरचे कवच, आतली स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर बसलेला आणि काडतुसे वर ढकलणारा फॉलोअर, खालची तळपट्टी आणि वरच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. या कडांना ‘ओठ’ म्हणतात. गोळी झाडली की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना ओठांमधून वरचे काडतूस खरवडून नळीच्या मागच्या कप्प्यात ढकलतो. शेवटचे काडतूस गेले की फॉलोअर एका खटक्याला वर उचलतो, सरकता भाग मागेच अडकून राहतो. डबा संपल्याची खूण तीच.

गडबड होते ती बहुतेक या डब्यातच. ओठ जरासे वाकले की काडतूस चुकीच्या कोनात येऊन अडते किंवा एकदम दोन येतात. स्प्रिंग थकली की काडतूस वेळेवर वर येत नाही. डबा जितका मोठा तितके हे बिघाड वाढतात, कारण एकाच स्प्रिंगला पहिल्या काडतुसापासून शेवटच्यापर्यंत सारख्याच जोराने ढकलायचे असते. २० जुलै २०१२ रोजी ऑरोरा येथील चित्रपटगृहात १२ जणांना मारणाऱ्या हल्लेखोराच्या रायफलीला १०० गोळ्यांचा गोल ड्रम होता. तो मध्येच अडकला. किती जीव त्यामुळे वाचले हे सांगता येत नाही, पण मर्यादेच्या दोन्ही बाजूंचे लोक हे उदाहरण आपापल्या परीने वापरतात.

आकारांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ग्लॉक १७ पिस्तुलाबरोबर कारखान्यातून १७ गोळ्यांचा डबा येतो, ग्लॉक १९ बरोबर १५ चा, एआर-१५ धर्तीच्या रायफलीला ३० चा. म्हणून बंदूकमालक याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात आणि कॅलिफोर्नियाचा कायदा ‘लार्ज कपॅसिटी’. अर्धा वाद इथेच, नाव ठेवतानाच झालेला असतो.

कायदा कसकसा वाढला

१९९४ मध्ये संघीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिने नागरिकांसाठी बंद केली. मुदत दहा वर्षांची. १३ सप्टेंबर २००४ रोजी ती संपली आणि संसदेने पुन्हा वाढवली नाही. त्याआधी, १९८९ मध्ये, बंदूक कारखानदार विल्यम रूगर यांनी स्वतःच संसदेला १५ गोळ्यांची मर्यादा सुचवली होती, हे आज त्यांच्या गिऱ्हाइकांना आठवलेले आवडत नाही.

संघीय बंदीत मोठे भगदाड होते : कायद्याआधी बनलेला माल चालत असे. आयातही त्याच नावाखाली होई. १९९५ ते २००० या काळात ४७ लाख ‘जुनी’ मोठी मॅगझिने अमेरिकेत आयात झाली, असे ख्रिस्तोफर कोपर यांचा २००४ चा अभ्यास सांगतो. डब्यावर क्रमांक नाही, मग जुना कोणता नि नवा कोणता? बंदी असताना दुकानात माल मिळत होता, फक्त महाग.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये आपला वेगळा कायदा केला आणि तो १ जानेवारी २००० पासून लागू झाला : बनवणे, आयात, विक्री, देणे, उसने देणे बंद. घरात असलेले ठेवायला मोकळीक. २०१३ मध्ये विकत घेणे आणि स्वीकारणेही बंदीत आले. २०१६ मध्ये मात्र उडी मोठी होती. आधी विधिमंडळाचा कायदा आणि पाठोपाठ नोव्हेंबरच्या मतदानात प्रपोझिशन ६३, ज्याला सुमारे ६३ टक्के मते पडली. तेव्हाचे उपराज्यपाल गॅव्हिन न्यूसम या प्रस्तावामागे होते. आता नुसता ताबाही गुन्हा ठरला.

१ जुलै २०१७ पूर्वी मालकाने काय करायचे ते नेमके लिहिले होते. डबा राज्याबाहेर न्यायचा. किंवा परवानाधारक विक्रेत्याला विकायचा. किंवा पोलिसांकडे नष्ट करायला द्यायचा. चौथी वाट म्हणजे कायमचा बदल करून १० पेक्षा जास्त काडतुसे बसणारच नाहीत असे करणे. इथे ‘कायमचा’ हा शब्द महत्त्वाचा. तळपट्टीखाली नुसता ठोकळा सरकवला आणि तळपट्टी पुन्हा निघते, तर तो बदल कायमचा नाही. रिव्हेट मारून किंवा पक्के चिकटवून ३० च्या कवचात १० ची जागा ठेवलेले डबे कॅलिफोर्नियात उघड विकले जातात. बाहेरून पाहिले तर ते हुबेहूब मोठ्या डब्यासारखे. गस्तीवरच्या पोलिसाला रस्त्यावर फरक कळायचा कसा, हा प्रश्न कायद्याने त्याच्याच शहाणपणावर सोडला आहे.

दंड एका डब्याला १०० डॉलरपर्यंत. सरकारी वकिलाने गुन्हा म्हणून चालवला तर काउंटीच्या तुरुंगात एक वर्षापर्यंत. अपवादही बरेच. .२२ कॅलिबरच्या नळीतल्या मॅगझिनला मर्यादा नाही, लिव्हर-अॅक्शन रायफलीच्या नळीलाही नाही. सेवेतले पोलीस मोकळे, सन्मानाने निवृत्त झालेले पोलीसही मोकळे. चित्रपटांच्या प्रॉप म्हणून लागणाऱ्या मॅगझिनलाही सूट. हॉलिवूड कॅलिफोर्नियातच आहे, त्यामुळे याचे आश्चर्य वाटायला नको. आणि २००० पूर्वी कायदेशीर घेतलेल्या ज्या बंदुकीला १० किंवा कमी गोळ्यांचा डबा मुळात बनतच नाही, तिच्यासाठी जुना डबा ठेवता येतो. बारकावा आणखी एक : मर्यादा डब्याला आहे, बंदुकीला नाही. कप्प्यात एक काडतूस आधीच चढवलेले असेल तर हातात ११ होतात.

आपल्याकडे या सगळ्याची गरजच पडत नाही. भारतात परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या नावावरच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. वाद माणूस आणि बंदूक यांच्याभोवतीच संपतो, डब्यापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने माणसाला आणि बंदुकीला बरेच कवच दिले आहे, म्हणून नियमन करणारे सरकत सरकत डब्यावर आले. कायद्याची ही अगतिकता समजून घेतल्याशिवाय १० चा आकडा विचित्रच वाटणार.

तेरावी गोळी

मर्यादेच्या बाजूने सर्वांत जड साक्ष टूसॉनची. ८ जानेवारी २०११ रोजी अॅरिझोनात एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराकडे ग्लॉक १९ आणि त्यात ३३ गोळ्यांचा लांब डबा. काही सेकंदांत ३० हून अधिक गोळ्या सुटल्या, ६ जण गेले, १३ जखमी झाले. डबा संपला. तो दुसरा काढण्याच्या धडपडीत असताना लोकांनी त्याला खाली पाडले, आणि पॅट्रिशिया मेश या ६१ वर्षांच्या बाईंनी दुसरे मॅगझिन त्याच्या हाती लागू दिले नाही. गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी ३० जानेवारी २०१३ रोजी सिनेटच्या समितीपुढे हिशेब मांडला : पहिली गोळी गॅबीच्या डोक्यात, तेरावी ९ वर्षांच्या क्रिस्टिना-टेलर ग्रीनच्या अंगात. डबा १० चा असता तर तेरावी गोळी सुटण्याआधी त्याला थांबावे लागले असते.

हा युक्तिवाद हलका नाही. पण व्हर्जिनिया टेकचे उदाहरण त्याच्यासमोर ठेवावेच लागते. १६ एप्रिल २००७ रोजी तिथे ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराकडे १० आणि १५ गोळ्यांचे डबे होते, खूप सारे. नॉरिस हॉलमध्ये दहा-बारा मिनिटांत १७४ गोळ्या झाडल्या गेल्या. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने १० च्या मर्यादेने तिथे फारसा फरक पडला नसता असे म्हटले. बंद वर्गखोल्या, पळायला जागा नाही, अडवायला जवळ कोणी नाही : तिथे थांबण्याचा फायदा घेणारे कोणी उरले नव्हते. टूसॉनमध्ये हाताच्या अंतरावर माणसे होती. मर्यादा चालते की नाही हे बरेचसे त्या हाताच्या अंतरावर ठरते. आकडेवारीच्या तक्त्यात हे अंतर कधीच दिसत नाही.

पायजम्यातली बाई

दुसऱ्या बाजूने बेनिटेझ यांनी २०१९ चा निकाल घरात हल्ला झालेल्या स्त्रियांच्या घटनांनी सुरू केला. दोघींच्या गोळ्या संपल्या. तिसरी रात्रीच्या कपड्यांत होती, एका हातात फोन, दुसऱ्यात पिस्तूल. दुसरा डबा ठेवायला खिसा नाही आणि बदलायला हात मोकळा नाही. न्यायाधीशांचा मुद्दा असा की सराव असलेला हल्लेखोर तयारीने, खिसे भरून येतो आणि २ ते ४ सेकंदांत डबा बदलतो. झोपेतून उठलेल्या माणसाला तेच सेकंद जीवघेणे ठरतात.

यावर राज्याने अर्थतज्ज्ञ लुसी अॅलन यांचे विश्लेषण मांडले. नॅशनल रायफल असोसिएशनच्याच मासिकातल्या बातम्या त्यांनी चाळल्या : जानेवारी २०११ ते मे २०१७, एकूण ७३६ स्वसंरक्षणाच्या घटना. सरासरी २.२ गोळ्या. १० पेक्षा जास्त गोळ्या झाडल्याच्या घटना दोनच. बेनिटेझ यांनी हा अभ्यास पद्धतीवरूनच झोडपला.

दोन्ही आकडे बहुधा बरोबर आहेत, आणि दोन्ही एकमेकांना उत्तर देत नाहीत. २.२ ही सरासरी आहे. घरात शिरलेल्या चौघांना तोंड देणाऱ्या माणसाला सरासरी उपयोगाची नाही. उलट, नवव्या सर्किटने, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपिलीय न्यायालयाने, २०२१ च्या निकालात नोंदवले की गेल्या अर्धशतकात १० किंवा अधिक मृत्यूंच्या सुमारे तीन चतुर्थांश गोळीबारांत मोठी मॅगझिने होती आणि २० किंवा अधिक मृत्यूंच्या सर्वच्या सर्व. हाही आकडा दुर्मिळ घटनांचाच आहे. म्हणजे दोन्ही बाजू शेपटाकडच्या घटनांवर बोलतात आणि एकमेकांच्या शेपटाला ‘दुर्मिळ’ म्हणतात. आमच्या मते इथे आकड्याने निकाल लागत नाही. कोणती दुर्मिळ घटना सहन करायची, हे शेवटी मतदारालाच ठरवावे लागते.

आणि १० च का? न्यूयॉर्कने २०१३ मध्ये ७ करून पाहिले. बहुतेक बंदुकांसाठी ७ चे डबे बाजारात नव्हतेच, मग डबा १० चा चालेल पण आत ७ च भरा, असा फाटा काढावा लागला. संघीय न्यायाधीश विल्यम स्क्रेटनी यांनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी ते कलम मनमानी म्हणून उडवले, वरच्या न्यायालयानेही २०१५ मध्ये तेच कायम केले, आणि १० ची मर्यादा मात्र राहिली. कोलोराडोत १५, डेलावेअरमध्ये १७. आकडा कारखान्यात काय बनते त्याला धरून चालतो.

मखजन, मॅगझिन, दारूखाना

न्यायालयांचा प्रवास थोडक्यात. ताबाबंदी लागू होण्याच्या दोन दिवस आधी, २९ जून २०१७ ला, बेनिटेझ यांनी ती अमलात आणायला तात्पुरती मनाई केली. २०१८ मध्ये नवव्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही मनाई २-१ ने टिकवली. २०१९ चा निकाल ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा २-१ ने टिकला. ३० नोव्हेंबर २०२१ ला ११ न्यायाधीशांच्या विस्तारित पीठाने ७-४ ने तो उलटवला. तेव्हाची कसोटी तोलण्याची होती : सार्वजनिक सुरक्षेचा फायदा एका पारड्यात, हक्कावरचा भार दुसऱ्यात.

२३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन नावाच्या दुसऱ्या एका बंदूक-खटल्यात तो तराजूच काढून घेतला. आता राज्याने दाखवायचे की असा नियम देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो. आठवडाभरात डंकन खटला नव्याने विचारासाठी खाली गेला. बेनिटेझ यांनी राज्याला जुन्या कायद्यांची यादी करायला लावली आणि ३०० हून अधिक कायद्यांचा गठ्ठा जमा झाला : दोरीला बांधून ठेवलेल्या सापळा-बंदुकांवर न्यू जर्सीची १७७१ ची बंदी, बोवी सुऱ्यांवरचे १९ व्या शतकातले निर्बंध, आणि बंदुकीच्या दारूच्या साठवणीचे नियम. न्यूयॉर्क शहरात १७८४ च्या कायद्याने घरात २८ पौंडांहून जास्त दारू ठेवता येत नसे, तीही चार वेगळ्या भांड्यांत.

मॅगझिन हा शब्दच मुळात अरबी ‘मखजन’वरून आला, अर्थ कोठार. बंदुकीची दारू साठवायची जागा म्हणजे मॅगझिन, आणि नंतर बंदुकीतला छोटा कोठार-डबाही मॅगझिन. मुंबईकरांना हे सांगायला लागू नये : रे रोडजवळच्या दारूखान्यात मॅगझिन स्ट्रीट आहेच. अडीचशे वर्षांपूर्वी मॅगझिनची मर्यादा म्हणजे दारूकोठाराची मर्यादा, आणि भीती आगीची होती. आजच्या डब्याला तो नियम लावायचा की नाही यावरच मतभेद. बेनिटेझ म्हणाले, आग वेगळी, गोळीबार वेगळा, आणि २२ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी कायदा पुन्हा रद्द केला. एक मुद्दा त्यांच्या बाजूचा मानावाच लागेल : १८६० च्या हेन्री रायफलीत १६ च्या आसपास काडतुसे मावत आणि त्या काळी कोणी त्यावर मर्यादा घातली नाही. गोळ्यांच्या संख्येवर पहिले कायदे आले ते १९२७ पासून, टॉमी-गन या हातातल्या मशीनगनच्या काळात : मिशिगनमध्ये १६, ऱ्होड आयलंडमध्ये १२.

२० मार्च २०२५ ला विस्तारित पीठाने पुन्हा ७-४ ने राज्याच्या बाजूने कौल दिला. न्यायाधीश सुसान ग्रेबर यांनी दोन पायऱ्यांत मांडणी केली. मोठे मॅगझिन हे घटनेतले ‘शस्त्र’ नाही. बंदूक चालायला काही मॅगझिन लागते, पण १० पेक्षा मोठे लागत नाही. आणि ते शस्त्र मानले तरी निरपराधांना वाचवण्यासाठी शस्त्रांच्या विशेष घातक वापरावर आणि गोळी सुटायला लागणाऱ्या घटकांवर निर्बंध घालण्याची परंपरा आहेच. दारूच्या कोठाराचा नियम इथे कामाला आला.

विरोधी न्यायाधीशांपैकी लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी जे केले त्याची चर्चा निकालापेक्षा जास्त झाली. त्यांनी आपल्या दालनात निकामी केलेली पिस्तुले समोर ठेवून व्हिडिओ केला आणि तो मतभेदाच्या निकालपत्राला जोडला. भाग सुटे करून ते दाखवत होते की ‘लागत नाही’ ही कसोटी लावली तर पकड, नेम धरायची खूण, अगदी कोणताही सुधारित भाग जोडसाहित्य ठरवून काढून टाकता येईल. न्यायाधीश मार्शा बर्झन यांनी वेगळे मत लिहून यावर कडक आक्षेप घेतला : अपिलीय न्यायाधीश नोंदीबाहेरचा तज्ज्ञ साक्षीदार बनू शकत नाही. त्यांचे म्हणणे पटते. पण व्हिडिओतला प्रश्न त्याने मिटत नाही, कारण ‘शस्त्र’ कुठे संपते आणि ‘जोडसाहित्य’ कुठे सुरू होते हे बहुमताच्या निकालातही स्क्रूच्या पातळीवर सांगितलेले नाही.

आठवड्याचे डबे

ऑगस्ट २०२५ मध्ये बंदूकमालकांचा पक्ष सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. तिथला निकाल काहीही असो, प्रत्यक्षातली अडचण २०१९ च्या त्या आठवड्यात अडकली आहे. ४ एप्रिल २०१९ च्या आदेशात बेनिटेझ यांनी विक्री थांबवली, पण त्या आठवड्यात मनाईहुकमावर विसंबून घेतलेल्यांना संरक्षण दिले. त्यामुळे एकाच राज्यात, एकाच कंपनीचे, एकाच साच्यातून निघालेले ३० चे तीन डबे तीन प्रकारचे ठरू शकतात : २००० पूर्वी कायदेशीर घेतलेला, मार्च-एप्रिल २०१९ मध्ये घेतलेला आणि मागाहून नेवाडातून गाडीच्या डिकीत आणलेला. तिसरा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कवचावर कधीकधी कारखान्याची महिना-वर्षाची खूण असते, पण ती बनल्याची तारीख, घेतल्याची नव्हे. २०१८ ची खूण असलेला डबा २०१९ च्या त्या आठवड्यातही येऊ शकतो आणि त्यानंतरच्या दिवाळीतही. उरतो कागद. म्हणून त्या आठवड्यात माल घेणाऱ्यांना तेव्हा एकच व्यवहारी सल्ला दिला जात होता : ऑर्डरची पावती छापून डब्याबरोबर ठेवा, आणि तळपट्टी काढून तिच्या आत घडी घालू नका, स्प्रिंगला अडते.